बत्तीस बोअरचं गणित

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी

रात्री जेवणं उरकल्यावर आपल्या मेसच्या बाकांवर जी चर्चासत्रं भरतात त्यांत क्रिकेट, सबमिशन आणि प्लेसमेंटनंतर चौथा नंबर लागतो तो ‘घोड्या’चा. घोडा म्हणजे चेतक नव्हे, कमरेला खोचायचा! कुणाच्या गावाकडच्या पुढाऱ्याकडे कसलं पिस्तूल आहे, कुठल्या सिनेमात हिरोने कसलं वापरलं, ‘नाइन एमएम’ भारी की ‘पॉइंट थ्री टू’... आणि वर्तमानपत्रात ‘गावठी कट्टा व जिवंत काडतुसे जप्त’ अशी आपल्या नगर जिल्ह्यातली बातमी आली, की त्या दिवशीचं सत्र बारापर्यंत चालतं. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे, पण एस.टी.त बसताना आपण अजून ‘नगर एक द्या’ असंच म्हणतो, तेव्हा या लेखातही तसंच चालवून घ्यावं.)

ह्या चर्चांमध्ये मीही असतो, नाही असं नाही. पण या विषयावर वही-पेन घेऊन बसायची वेळ आली ती माझ्या मामांमुळे. मामा कांद्याचे आडतदार. घोडेगावच्या कांदा बाजारात त्यांचा गाळा आहे. शेतकऱ्याला पट्टीचे पैसे रोख द्यावे लागतात, त्यामुळे लिलावाच्या दिवशी अंगावर बरीच रक्कम असते. दोन वर्षांपूर्वी अंधार पडल्यावर मोटरसायकलवरून घरी येताना मागून आलेल्या दोघांनी त्यांची पिशवी हिसकावली. मामा पडले, मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण मनातून ती गोष्ट गेली नाही. त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला आणि मला फोन करून म्हणाले, “भाचेबुवा, तुम्ही मेकॅनिकलवाले. खिशात मावेल, वजनाला हलकं आणि भरवशाचं असं कोणतं घ्यावं ते अभ्यास करून सांगा.”

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डिग्रीचा उपयोग विचारला होता. म्हणून अभ्यास केला, तो इथे देतो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे ही निवड बाजारात जाऊन करायची नसतीच, ती कायद्याने बरीचशी आधीच करून ठेवलेली असते. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ यांनी बंदुकांचे दोन मुख्य ढीग केले आहेत, प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. सैन्य आणि पोलीस वापरतात ती ९ मिमी पहिल्या ढिगात. म्हणजे मेसमध्ये ज्या ‘नाइन एमएम’वर आपण तावातावाने भांडतो ती साध्या नागरिकाला जिल्ह्याच्या परवान्यावर मिळतच नाही. वाद संपला! खिशात मावणाऱ्या शस्त्रांत उरतात ते मुख्यतः .३२, .२५ आणि .२२ हे बोअर. त्यातही परदेशी पिस्तुलांची खाजगी आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे जुनी वेब्ली, वॉल्थर, ब्राउनिंग अशी जी आजोबांच्या काळात आली तीच हस्ते-परहस्ते फिरतात, आणि त्यांचे भाव ऐकले तर आपल्या चार वर्षांची फी कमी वाटावी.

मग राहतात देशी बनावटीची. सरकारी आयुध कारखान्यांचं .३२ चं ‘अशनी’ पिस्तूल (अशनी म्हणजे वीज, नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी), कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर, २०१४ साली आलेलं टायटॅनियम मिश्रधातूचं सुमारे ५०० ग्रॅमचं ‘निर्भीक’, त्यानंतर आलेलं .२२ चं अवघं २५० ग्रॅमच्या आसपासचं ‘निडर’, आणि २०२३ चं ‘प्रबल’, ज्याचं चक्र बाजूला उघडतं. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हापासून ही शस्त्रं कानपूरच्या कंपनीकडे आणि काडतुसं ज्या कंपनीकडे गेली तिचं मुख्यालय आपल्या पुण्यात, खडकीला. आता काही खाजगी कारखानेही परवान्याने पिस्तुलं बनवू लागले आहेत, पण मामांची यादी ह्या चार-पाच नावांभोवतीच फिरणार होती.

इथे एक घोटाळा आधीच मिटवतो, कारण दुकानात तो महागात पडू शकतो. ‘बत्तीस बोअर’ हे एक काडतूस नाही, दोन आहेत. पिस्तुलाचं .३२ हे आखूड, त्याची केस १७ मिमी लांब, युरोपात त्यालाच ७.६५ मिमी म्हणतात. रिव्हॉल्व्हरचं .३२ लांब असतं, केस २३ मिमीच्या पुढे. गोळीचा व्यास दोन्हीचा जवळजवळ सारखा, ७.९ मिमी, पण एकाचं दुसऱ्यात वापरायचं नाही. आपण एम ८ चा बोल्ट मागताना पिच सांगतो ना, तसंच हे.

आता मूळ प्रश्न. .२२, .२५ की .३२? इथे अकरावीच्या फिजिक्सपलीकडचं काही लागत नाही. .२५ ची गोळी ३.२ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण २३० मीटर. अर्धा एम व्ही स्क्वेअर केलं की ८५ ज्यूल. .२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, आखूड नळीतून २७० च्या आसपास निघते, म्हणजे ९५ ज्यूल. पिस्तुलाची .३२ गोळी ४.६ ग्रॅम, २७५ मीटर, १७४ ज्यूल. रिव्हॉल्व्हरची .३२ जड पण हळू, ६.३५ ग्रॅम आणि २१५ मीटर, १४७ ज्यूल. तुलनेला ९ मिमी घेतली तर ती ४९० ज्यूलच्या घरात जाते. म्हणजे आपलं बत्तीस बोअर ९ मिमीच्या साधारण एक तृतीयांश.

हे आकडे वाचून अंदाज येत नाही म्हणून क्रिकेटकडे वळू. सीझनचा चेंडू १६० ग्रॅमचा. एखाद्या फास्ट बोलरने तो ताशी १४० किलोमीटरने टाकला तर त्याची ऊर्जा होते १२१ ज्यूल! म्हणजे .२५ च्या गोळीपेक्षा चेंडूत ऊर्जा जास्त. मग चेंडू लागून माणूस फक्त काळा-निळा का होतो आणि गोळीने मरतो का? कारण क्षेत्रफळ. चेंडू ७२ मिमी व्यासाचा, गोळी ७.९ मिमीची. .३२ च्या गोळीची ऊर्जा तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागली तर दर चौरस मिलिमीटरला साडेतीन ज्यूल येतात. चेंडूची भागली तर ०.०३. शंभर पटींहून जास्त फरक. सुई आणि लाटणं यांतला फरक म्हणा.

दुसरं, सिनेमात गोळी लागली की माणूस मागे उडून काचेतून बाहेर पडतो. संवेग काढा. ०.००४६ गुणिले २७५, म्हणजे १.२७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. ६५ किलोच्या माणसाला त्याने मिळणारा वेग सेकंदाला २ सेंटिमीटर. मुंगीपेक्षा थोडा बरा! माणूस ढकलला जात नाही. तो थांबेल तो भीतीने, वेदनेने, रक्तस्रावाने किंवा मर्मस्थानी लागल्याने. आणि यातलं काहीच लहान बोअरमध्ये हमखास नाही.

याची दोन उदाहरणं आपल्याच इतिहासात आहेत आणि ती शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये प्रभारी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन ग्रंथालय पाहायला आले होते. वासुदेव बळवंत गोगटे हा तिथलाच विद्यार्थी. त्याने अगदी जवळून गोळ्या झाडल्या. एक गोळी हॉटसनच्या छातीवरच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली आणि हॉटसन वाचला. गोगटे पुढे जन्मभर ‘हॉटसन गोगटे’ म्हणून ओळखले गेले. दुसरी घटना ३० जानेवारी १९४८ ची, दिल्लीची. गांधीजींवर झाडलेल्या तीन गोळ्या बेरेटाच्या १९३४ च्या मॉडेलमधून, म्हणजे तळहाताएवढ्या पिस्तुलातून आल्या. ते काडतूस .३८० चं, आपल्या .३२ चा थोरला भाऊ. (त्या कटात जन्मठेप झालेला विष्णू करकरे नगरचा, इथे लॉज चालवणारा. आपल्या शहराच्या इतिहासातलं हे पान कुणी फारसं उघडत नाही.) अंतर दोन्हीकडे हातभराचं. एकीकडे बटणाने माणूस वाचवला, दुसरीकडे वाचवायला काही नव्हतं. ‘लहान बोअर आहे, पायावर मारलं तर नुसतं घाबरेल’ असं म्हणणाऱ्याने दुसरं उदाहरण लक्षात ठेवावं, आणि ‘हे खिशात असलं की कुणाची छाती होणार नाही’ म्हणणाऱ्याने पहिलं.

आता माझ्या आवडीचा भाग, यंत्रणा. खिशातलं पिस्तूल म्हटलं की जॉन ब्राउनिंग ह्या माणसाला नमस्कार करावा लागतो. अमेरिकेतल्या युटा राज्यातला हा कारागीर. बेल्जियमच्या एफ एन कारखान्यासाठी त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे सपाट, छोटं पिस्तूल रचलं, त्याच्याबरोबरच हे .३२ चं आखूड काडतूस जन्माला आलं. लंडनहून चतुर्भुज अमीनच्या पेटीतून वीस पिस्तुलं हिंदुस्थानात आली, ती ब्राउनिंगचीच. त्यांतल्या एकाने १८ वर्षांच्या आतबाहेरच्या अनंत कान्हेरेने २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. रायफल घेऊन नाटकाला बसता येत नाही. खिशात मावणं ही गोष्ट तेव्हाही तंत्रज्ञानाची होती तशीच राजकारणाचीही होती.

ब्राउनिंगची युक्ती काय? ह्या छोट्या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड यांना एकत्र अडकवणारं कुलूपच नसतं. गोळी पुढे जाताना वायू केसला मागे ढकलतो, आणि तिला रोखून धरतं ते फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग. याला ब्लोबॅक म्हणतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे तर तोंडावर फुटायला हवं! म्हणून गणित केलं. समजा स्लाइड ३०० ग्रॅमची आणि नळी ८५ मिमीची. संवेग अक्षय्यतेने गोळी जितकी पुढे जाते त्याच्या ४.६ भागिले ३०० इतकीच स्लाइड मागे येते. म्हणजे गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत स्लाइड सरकते फक्त १.३ मिमी. १७ मिमीच्या केसमधली सव्वा मिलिमीटर बाहेर आली, तेवढ्यात दाब उतरला. सगळा खेळ अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. ना गिअर, ना कॅम, नुसती जडत्वाची करामत. आपल्या थिअरी ऑफ मशीन्सच्या पुस्तकात हे उदाहरण का नाही कळत नाही.

आणि याच गणितातून कळतं की खिशातली पिस्तुलं लहान बोअरचीच का असतात. .३२ चा कमाल दाब १६० मेगापास्कल धरतात, ९ मिमीचा २३५. गोळी जड, दाब जास्त, म्हणजे स्लाइड तरी जड करा नाहीतर कुलूप बसवा. दोन्हीने पिस्तूल जाड आणि महाग होतं. .३२ हा तह आहे, खिसा आणि परिणाम यांच्यातला.

मामांना मात्र ‘हलकं’ हवं होतं. इथे मी त्यांना विरोध केला. हलकं शस्त्र अंगावर बाळगायला सुखाचं आणि चालवायला दुःखाचं. तोच संवेग हातात येतो. वजन कमी केलं तर मागे येण्याचा वेग वाढतो. ६५० ग्रॅमच्या पिस्तुलात .३२ ची धक्क्याची ऊर्जा सव्वा ज्यूल येते, ५०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये १.९. आकडा लहान दिसतो, पण एकदा मोडलेल्या मनगटाला विचारा! २५० ग्रॅमच्या .२२ ला धक्का ज्यूलभरच, पण .२२ चं काडतूस रिमफायर. त्यात पेटवणारा मसाला केसच्या कडेच्या घडीत पसरलेला असतो आणि तो एखाद्या जागी कमी पडला तर ठिणगी पडत नाही. एनसीसीत .२२ रायफल चालवलेल्यांनी ‘मिसफायर’ पाहिलेला असेल. रेंजवर तेव्हा हात वर करून उस्तादांना बोलवायचं असतं. रस्त्यावर कुणाला बोलवणार?

एनसीसीवरून आठवलं. आपल्यातले जे २५ मीटरवर झोपून छान ग्रुप काढतात त्यांना वाटतं पिस्तूल काय, हातचा मळ. रायफलीवर मागची आणि पुढची साइट यांत अर्धा मीटर अंतर धरा. तिथे एक मिलिमीटरची चूक झाली तर १० मीटरवर गोळी २ सेंटिमीटर सरकते. छोट्या पिस्तुलावर हेच अंतर ११ सेंटिमीटर. तीच एक मिलिमीटरची चूक, १० मीटरवर ९ सेंटिमीटर. आणि इथे झोपायचं नाही, हात थरथरत असतो, समोरचा हलत असतो, अंधार असतो. खिशातलं पिस्तूल हे सगळ्यात अवघड शस्त्र आहे आणि लोक ते सगळ्यात कमी सराव करून बाळगतात.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, या प्रश्नावर मी जास्त वेळ घातला. पिस्तूल सपाट, कपड्यात दिसत नाही, गोळ्या जास्त. पण गोळी नाही पेटली किंवा केस अडकली तर दोन्ही हातांनी स्लाइड ओढावी लागते, आणि मामांच्या डाव्या मनगटात आता तेवढा जोर नाही. शिवाय गोळी नळीत चढवून ठेवायची की नाही हा न संपणारा वाद. चढवून ठेवली तर सेफ्टीवर विश्वास, नाही ठेवली तर ऐनवेळी पुन्हा दोन हात. रिव्हॉल्व्हर जाड, गोळ्या सहाच, पण एखादी नाही पेटली तर ट्रिगर पुन्हा दाबायचा, चक्र फिरून पुढची येते. चक्र उघडलं की भरलंय की रिकामं ते आंधळ्यालाही कळतं. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं म्हणजे ते रिकामं झालं असं समजणारे किती असतील देव जाणे, नळीतली एक राहून जाते. घरात दोन लहान पोरं असलेल्या माणसाला मी या एका मुद्द्यावर रिव्हॉल्व्हर सांगेन. तेही पोलादी, टायटॅनियमचं नको. धूळ, घाम, खिशातला सुपारीचा चुरा, हे सगळं कुठल्याही यंत्राचे शत्रूच, पण चक्राला त्यातल्या त्यात कमी बाधतात. ठरावीक दिवसांनी साफ करून तेलाचा हात फिरवणं आलंच.

मध्यंतरी मामांच्या ओळखीतल्या कुणीतरी ‘परवाना-बिरवाना कशाला, एक कट्टा आणून देतो’ म्हणून सांगितलं होतं. यावर मात्र दोन शब्द सविस्तर, कारण मेसमध्येही हा कट्टा मोठ्या कौतुकाने घेतला जातो. वरचा १६० मेगापास्कल दाब परत आठवा. जाड नळकांड्यांसाठीचं लामेचं सूत्र आपण सेकंड इयरला पाठ केलं. ते लावून पाहिलं तर असल्या नळीच्या आतल्या पृष्ठावरचा ताण साध्या माइल्ड स्टीलच्या यील्ड स्ट्रेंथच्या सहज वर जातो. कट्ट्याची नळी कुठल्या पोलादाची, त्याला उष्णतासंस्कार झाला का, काडतूस नीट बसतं का, कुणालाच ठाऊक नसतं. कारखान्यातल्या प्रत्येक शस्त्रातून मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस उडवून ते तपासतात, मग त्यावर प्रूफचा शिक्का पडतो. कट्ट्याची प्रूफ टेस्ट ज्याच्या हातात तो असतो त्याच्या बोटांवर होते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र नुसतं जवळ बाळगलं तरी किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आणि दंड. स्टेटसला फोटो ठेवणारे आपले काही वीर पुरावा स्वतःच तयार करतात. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला तर परवाना असूनही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, ही तरतूदही त्याच दुरुस्तीतली.

आता ज्या रात्रीसाठी हा सगळा खटाटोप, ती रात्र. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मोजलं होतं, की २१ फुटांवरचा माणूस धावत अंगावर यायला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात तयारीचा पोलीस कसाबसा होल्स्टरमधून शस्त्र काढून गोळी झाडतो. मामांवर हल्ला झाला तो मागून, चालत्या गाडीवर, दोन्ही हात हँडलवर असताना. त्या प्रसंगात अशनी, निर्भीक, ब्राउनिंग काहीही असतं तरी पिशवीबरोबर तेही गेलं असतं, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आणि ते पुढं गेल्यावर मी मागून मारलं असतं तर?” खाजगी बचावाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे, पूर्वी तो दंड संहितेत होता, गाभा तोच. धोका समोर उभा असेपर्यंत हक्क, आणि तोही गरजेपुरता. पिशवी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं त्यात बसवणं फार अवघड. चोरटा जामिनावर सुटेल आणि आडतदार आत बसेल.

बिबट्याचाही प्रश्न त्यांनी विचारला, कारण आपल्या पट्ट्यात उसाच्या कडेने रात्री पाण्याच्या पाळीला जाणारा प्रत्येक जण विचारतो. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला. आणि कायदा बाजूला ठेवला तरी १५०-१७५ ज्यूलने जखमी बिबट्या हा न जखमी झालेल्या बिबट्यापेक्षा कितीतरी वाईट. चांगली बॅटरी आणि सोबत एक माणूस, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं.

बाळगायचं कसं याचे नियम वाचले तेव्हा ‘खिशातलं पिस्तूल’ हा शब्दच चुकीचा ठरला. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हे शस्त्र त्याच्यासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या धारकात, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असलं पाहिजे. नेहरू शर्टाच्या खिशात किल्ल्या आणि तंबाखूच्या पुडीबरोबर नाही. त्याआधी वय किमान २१, पोलिसांचा चौकशी अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, घरात सुरक्षित ठेवण्याची हमी. आपल्या जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून. तो पाच वर्षांचा. काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच.

शेवटी मामांचं काय ठरलं ते सांगतो. परवाना अजून यायचा आहे. आला तर .३२ चं पोलादी रिव्हॉल्व्हर, आणि वर्षातून निदान चार वेळा रेंजवर सराव, हे त्यांनी मान्य केलं आहे. दरम्यान पट्टीचे पैसे शक्य तितके शेतकऱ्याच्या खात्यावर टाकायला त्यांनी सुरुवात केली. जे रोखच मागतात त्यांना गाळ्यावरच, उजेडात मोजून देतात, आणि अंधार पडायच्या आत दोघं मिळून चारचाकीने घरी येतात. मामी म्हणतात, याला अर्जही लागला नाही आणि भाच्याचं गणितही.

परवान्याच्या छापील अटी मी त्यांना वाचून दाखवल्या. निवडणूक लागली की आदेश येईल तेव्हा पोलीस ठाण्यात जमा करायचं. जत्रेत, मिरवणुकीत, सभेत न्यायचं नाही, म्हणजे मोहटादेवीची यात्राही त्यात आली. आणि शैक्षणिक संस्थेच्या आवारात न्यायचं नाही. तेव्हा महिन्यातून एकदा रविवारी शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या भाकरी घेऊन ते होस्टेलवर येतात, त्या दिवशी रिव्हॉल्व्हर घरच्या तिजोरीत राहील. मेसमधल्या मंडळींनी पाहायला मागू नये. भाकरी मिळतील.